बदकांची शिकार, छऱ्याची बंदूक आणि परवाना : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी आणि उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीसाठी कोणती बंदूक निवडावी, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. नळीची लांबी, काडतुसाचा आकार, खांद्याला बसणारा धक्का, एका दमात सुटणाऱ्या बारांची संख्या या बाबींची तुलना केली की उत्तर मिळावे, अशी सर्वसाधारण समजूत असते. युरोप-अमेरिकेतील शिकारविषयक ग्रंथांनी शतकभर हीच चर्चा केली आहे. मात्र हा प्रश्न वऱ्हाडासारख्या प्रदेशात, विशेषतः बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात विचारला, तर त्याचे स्वरूप बदलते. येथे बंदूक निवडण्यापूर्वी ती बाळगण्याची मुभा कोणाला आहे, ती कोणत्या कारणासाठी दिली जाते आणि तिच्यापुढे येणारा पक्षी कोणाचा मानला जातो, हे प्रश्न आधी उभे राहतात.

प्रस्तुत लेखात छऱ्याच्या बंदुकीचा, त्यातही अर्धस्वयंचलित बंदुकीचा, तांत्रिक विकास थोडक्यात मांडून शस्त्रविषयक आणि वन्यजीवविषयक कायद्यांनी बुलढाणा परिसरातील शिकारीचे चित्र कसे घडविले, याचा विचार केला आहे. या भागात शस्त्राची निवड मुख्यत्वे यंत्राच्या गुणांवर ठरली नाही. ती परवान्याने आणि परवाना धारण करणाऱ्याच्या सामाजिक स्थानाने ठरली, आणि या प्रक्रियेची सर्वांत मोठी किंमत ज्यांच्या हाती बंदूक नव्हती त्यांनी मोजली, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

छऱ्याच्या बंदुकीचे तंत्र

रायफलच्या नळीत पेचदार खाचा असतात व तिच्यातून एकच गोळी सुटते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून शेकडो छऱ्यांचा फवारा बाहेर पडतो. उडत्या पक्ष्यावर एकच गोळी लागणे जवळपास अशक्य असल्यामुळे पक्ष्यांच्या शिकारीत हीच बंदूक रूढ झाली. 'बारा बोअर' हा आपल्याकडे सर्वपरिचित असलेला शब्द जुन्या मापनपद्धतीतून आला आहे. एक पौंड शिशाचे बारा समान गोळे केले असता त्यांतील एका गोळ्याचा जो व्यास होईल, म्हणजे सुमारे १८.५ मिलिमीटर, तोच या नळीचा व्यास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वत्र ठासणीची बंदूक प्रचलित होती. विदर्भात तिला भरमार असेही म्हणतात. नळीच्या तोंडातून दारू, बोळा आणि छर्रे भरून गजाने ठासावे लागत असल्याने एका बारानंतर दुसरा बार काढेपर्यंत बदकांचा थवा दृष्टीआड होत असे. काडतूस मागील बाजूने भरण्याची सोय झाल्यावर हा वेळ काही क्षणांवर आला. शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली दुनळी बंदूक ही इंग्रज अधिकाऱ्याच्या आणि त्याच्या अनुकरणाने संस्थानिक व जमीनदारांच्या शिकारीची खूण बनली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नळीचे तोंड किंचित आवळून छऱ्यांचा फवारा दूरपर्यंत एकत्र राखण्याचे तंत्रही रूढ झाले.

याच्या पुढचा टप्पा अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग यांनी गाठला. त्यांच्या अर्धस्वयंचलित बंदुकीला १९०० साली पेटंट मिळाले आणि बेल्जियममधील फाब्रिक नॅशनल या कारखान्यात तिचे उत्पादन सुरू झाले. बार सुटल्यावर बंदुकीला मागे जो धक्का बसतो, त्याच शक्तीने नळी व खटका मागे सरकतात, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने पुढचे काडतूस आपोआप जागेवर येते. चाप प्रत्येक बाराला नव्याने ओढावाच लागतो, म्हणूनच ही बंदूक 'अर्ध'स्वयंचलित होय. पुढे धक्क्याऐवजी जळलेल्या दारूच्या वायूचा दाब वापरणाऱ्या बंदुका आल्या. १९६३ साली बाजारात आलेली रेमिंग्टन ११०० ही त्यांतील प्रसिद्ध बंदूक होय. इटलीच्या बेनेली कंपनीने जडत्वाच्या तत्त्वावर चालणारी रचना लोकप्रिय केली.

पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्याला या बंदुकीचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. वायूच्या दाबावर चालणाऱ्या रचनेत खांद्याला बसणारा धक्का सौम्य होतो आणि दुनळीच्या दोन बारांच्या पलीकडे तिसरा, चौथा, पाचवा बार खांदा न हलविता काढता येतो. तिच्या उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत. चिखल, ओल आणि दारूची काजळी यांमुळे यंत्र अडते. दुनळी मधोमध उघडली की ती रिकामी असल्याचे शेजाऱ्यालाही दिसते, तशी खात्री अर्धस्वयंचलित बंदुकीबाबत सहजी देता येत नाही.

अधिक बारांची ही क्षमताच पुढे चिंतेचा विषय ठरली. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटल्यावर १९१८ साली त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९३५ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे राहू नयेत असा नियम करण्यात आला. आजही अमेरिकन शिकारी आपल्या पाच बारांच्या बंदुकीत लाकडी किंवा प्लॅस्टिकची खुंटी बसवून तिला तीन बारांची करतो. ज्या गुणासाठी यंत्र निर्माण झाले तोच गुण समाजाला मर्यादित करावा लागला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बुलढाणा परिसर : पाणी आणि पक्षी

बुलढाणा जिल्ह्याचे भौगोलिकदृष्ट्या दोन ठळक भाग पडतात. उत्तरेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा सपाट प्रदेश आणि दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगेतील घाटमाथा. पैनगंगा याच घाटमाथ्यावर उगम पावते. लोणार येथील उल्काघाताने निर्माण झालेले खाऱ्या पाण्याचे सरोवर हे जिल्ह्यातील सर्वांत प्राचीन जलाशय होय. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली.

हिवाळ्यात मध्य आशिया, सायबेरिया व तिबेटच्या पठारावरून येणारे पाणपक्षी दख्खनच्या जलाशयांवर उतरतात. तलवार बदक, थापट्या, भुवई बदक, चक्रवाक, पट्टकदंब ही त्यांतील परिचित नावे होत. हळदी-कुंकू बदकासारखे काही पक्षी मात्र येथेच राहतात व वीण घालतात. या पक्ष्यांची मराठी नावे शास्त्रशुद्ध रीतीने संकलित करण्याचे कार्य विदर्भाच्या अरण्यांत दीर्घकाळ वनाधिकारी म्हणून वावरलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आपल्या पक्षिकोशातून केले.

येथे एक ऐतिहासिक विसंगती नोंदवली पाहिजे. नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारखे जिल्ह्यातील मोठे जलाशय स्वातंत्र्योत्तर काळातील सिंचनप्रकल्पांतून निर्माण झाले. म्हणजे ज्या काळात बंदुकीच्या शिकारीला प्रतिष्ठा होती, त्या काळात बदकांना उतरण्याजोगे विस्तीर्ण पाणी या जिल्ह्यात फारसे नव्हते. जेव्हा असे पाणी निर्माण झाले, तेव्हा शिकारीचे युग मावळत होते. त्यामुळे भरतपूरसारख्या सामुदायिक शिकारींचा इतिहास बुलढाण्यात घडला नाही. भरतपूर येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या उपस्थितीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद तेथील शिलालेखावर कोरलेली आहे. त्या प्रमाणातील संहार घडण्यासाठी संस्थानिकाची सत्ता, राखलेले पाणी आणि शेकडो माणसांची फौज आवश्यक असते. वऱ्हाडात यांपैकी काहीही नव्हते.

वसाहतकालीन वऱ्हाड आणि परवाना

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला आणि १९०२ च्या करारान्वये तो कायमच्या भाडेपट्ट्याने दिला गेला. १८६७ च्या सुमारास बुलढाणा हे जिल्ह्याचे नाव रूढ झाले. ए. सी. लायल यांचे १८७० चे वऱ्हाडचे गॅझेटियर आणि ए. ई. नेल्सन यांचे १९१० चे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर ही या कालखंडाच्या अभ्यासाची प्रमुख साधने होत. वसाहतकालीन गॅझेटियरांतील प्राणिविषयक प्रकरणे वाचताना एक गोष्ट सातत्याने जाणवते. वन्यप्राणी व पक्षी यांच्याकडे पाहण्याची त्यांतील दृष्टी बहुधा शिकाऱ्याची असते. कोठे काय सापडते याबरोबरच कोठे काय मारता येते, हा त्यांचा अलिखित विषय असतो. ह्यूम आणि मार्शल यांचा १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झालेला भारतातील शिकारयोग्य पक्ष्यांविषयीचा त्रिखंडात्मक ग्रंथ याच परंपरेतील होय. त्यातून भारतीय पक्षिशास्त्राचा पाया रचला गेला, हेही तितकेच खरे आहे.

लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा झाला. वऱ्हाड तांत्रिकदृष्ट्या निजामाचाच मुलूख असल्यामुळे ब्रिटिश भारताचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत. ते स्वतंत्र आदेशांद्वारे लागू केले जात. व्यवहारात मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने या भेदाला अर्थ नव्हता. शस्त्र बाळगावयाचे तर परवाना हवा आणि परवाना हवा तर जिल्हाधिकाऱ्याची मर्जी हवी, हेच त्याला कळत होते. युरोपियनांना या कायद्याच्या अनेक बंधनांतून सूट होती. भारतीयांपैकी ज्यांच्याकडे पदवी, पद वा मालमत्ता होती त्यांचाच विचार होत असे. बदकासाठी दुनळी घ्यावी की एकनळी, या निवडीचे स्वातंत्र्य या निवडक वर्गापुरते मर्यादित होते.

या भेदभावाविरुद्ध राष्ट्रीय चळवळीने सुरुवातीपासून आवाज उठविला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने शस्त्रकायद्यात सुधारणा करण्याची मागणी केली. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट होता. शस्त्राचा प्रश्न नागरिकत्वाच्या प्रश्नाशी निगडित होता, हे यावरून स्पष्ट होते.

पक्ष्यांच्या संरक्षणासाठी १८८७ व १९१२ साली कायदे झाले. १९१२ च्या कायद्याच्या अनुसूचीत बदकांचा समावेश होता आणि विणीच्या काळात शिकारबंदी घोषित करण्याची तरतूद होती. परंतु स्थलांतरित बदकांची वीण हिमालयापलीकडे होत असल्याने अशा बंदीचा उपयोग प्रामुख्याने स्थानिक पक्ष्यांनाच होण्यासारखा होता. हिवाळी पाहुणे शिकारीच्या हंगामातच येत आणि हंगाम संपता संपता परत जात.

फास आणि बंदूक

बंदुकीचा इतिहास लिहिताना बंदूक नसलेल्या शिकाऱ्याचा विसर पडतो. वऱ्हाडात पक्ष्यांचे सर्वांत सूक्ष्म ज्ञान असलेला समाज म्हणजे फासेपारधी होय. नावाप्रमाणेच फास हे त्यांचे साधन. तितर, लावा यांसारखे पक्षी कोणत्या वाटेने चालतात, कोणत्या वेळी पाण्यावर येतात, कोणत्या आवाजाला साद देतात, याचे पिढीजात ज्ञान या साधनामागे असते. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या १९१६ च्या ग्रंथात पारधी समाजाची व त्याच्या पोटभेदांची नोंद केली आहे. त्यांतील टाकणकार हा गट जात्याला टाकी लावण्याच्या व्यवसायावरून ओळखला जाई.

तांत्रिक निवडीच्या भाषेत बोलावयाचे तर फासाचे काही गुण बंदुकीत नाहीत. फास जखमी पक्षी मागे सोडत नाही, आवाजाने सारा थवा उडवून लावत नाही आणि पाण्यात शिसे टाकत नाही. तरीही वसाहतकालीन व्यवस्थेत बंदुकीची शिकार हा क्रीडाप्रकार ठरला आणि फासाची शिकार ही चोरी ठरली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, १९११ साली त्याची वाढलेली व्याप्ती आणि त्यातून अनेक भटक्या समाजांवर, त्यांत पारधी गटांवरही, बसलेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का यांमुळे हा भेद अधिकच तीव्र झाला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. विदर्भातील फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत समाविष्ट आहेत. संशयाची सवय मात्र कायद्याबरोबर रद्द होत नाही, हा अनुभव या समाजाला आजही येतो.

स्वातंत्र्योत्तर कायदे

शस्त्र अधिनियम १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. या अधिनियमातील दोन तरतुदी या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. कलम १३ अन्वये वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना संरक्षण किंवा क्रीडा या कारणासाठी आणि ठासणीच्या बंदुकीचा परवाना खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी देण्याची तरतूद करण्यात आली. कलम १४ अन्वये केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही असे स्पष्ट करण्यात आले. वसाहतकालीन निकषाचा हा जाणीवपूर्वक केलेला त्याग होता.

तथापि बारकाईने पाहिल्यास या तरतुदींतही एक उतरंड दिसते. शिकार व क्रीडा यांसाठी मागून काडतूस भरण्याची बंदूक, आणि शेतकऱ्याच्या पिकासाठी ठासणीची बंदूक. ठासणीची बंदूक अपुरी असल्याची परवाना-अधिकाऱ्याची खात्री पटली तरच शेतकऱ्याला दुसरी बंदूक मिळू शकते. रानडुकरे व रोही यांच्या उपद्रवाने त्रस्त असलेल्या शेतकऱ्यासाठी एकोणिसाव्या शतकातील तंत्र पुरेसे मानले गेले, असाच याचा अर्थ होतो.

अर्धस्वयंचलित छऱ्याच्या बंदुकीबाबत भारतीय नियमांनी वेगळीच भूमिका घेतली. १९६२ च्या शस्त्र नियमांत आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१६ च्या नियमांत, काही विशिष्ट अपवाद वगळता, अर्धस्वयंचलित बंदुका प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात ठेवल्या आहेत. जिल्हाधिकारी दुनळीचा परवाना देऊ शकतो, पण या वर्गातील शस्त्राचा निर्णय केंद्र शासनाच्या अखत्यारीत येतो. नामांकित नेमबाजांसाठी मात्र स्वतंत्र तरतुदी आहेत. परिणामी ग्रामीण महाराष्ट्रात छऱ्याची बंदूक म्हणजे ईशापूरच्या कारखान्यातील एकनळी किंवा दुनळी आणि काडतूस म्हणजे पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्याचे, हे समीकरण दीर्घकाळ टिकून राहिले. अमेरिकेने यंत्र मान्य करून त्यातील काडतुसांवर मर्यादा घातली. भारताने बहुसंख्य नागरिकांपुरते ते यंत्रच दारापाशी थांबविले.

दुसरा निर्णायक कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ हा होय. मूळ अधिनियमात बदकांसारखे पक्षी लहान शिकारीच्या अनुसूचीत होते आणि परवान्याने त्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवानापद्धती संपुष्टात आणून शिकारीवर सर्वसाधारण बंदी घातली. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, परंतु बंदीचे तत्त्व कायम राहिले. या अधिनियमात 'शिकार' या संज्ञेत पकडणे, फास लावणे, जाळ्यात अडकविणे यांचाही समावेश आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने ही व्याख्या आवश्यकच होती. तिचे सामाजिक परिणाम मात्र समान नव्हते. परवानाधारक शिकाऱ्याचा एक छंद गेला आणि फासेपारध्याचे उपजीविकेचे साधन गेले. पहिल्याच्या भिंतीवर बंदूक राहिली, दुसऱ्याच्या हाती पर्याय म्हणून काय द्यावे याचा विचार कायदा करणाऱ्यांनी पुरेसा केला नाही. अकोला-वाशीम परिसरातील काही फासेपारधी वस्त्यांनी अलीकडील काळात गवताळ राने राखण्याच्या कामात घेतलेला सहभाग पाहता, या समाजाचे ज्ञान संरक्षणाच्या कामी किती उपयुक्त ठरू शकते हे दिसून येते. बुलढाण्यातील जलाशयांच्या बाबतीतही हा विचार होणे अगत्याचे आहे.

मातीची कबुतरे : क्रीडेचा उरलेला मार्ग

शिकार बंद झाल्यावर छऱ्याच्या बंदुकीचा एकमेव क्रीडात्मक उपयोग उडत्या तबकड्यांवरील नेमबाजीत उरला. या खेळाचे मूळही पक्ष्यांच्या संहारातच आहे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेमबाजी झाली होती. तत्पूर्वी १८८० साली जॉर्ज लिगोव्स्की यांनी अमेरिकेत मातीची तबकडी प्रचारात आणली होती. आजची तबकडी डांबरसदृश पदार्थ व चुनखडी यांची असून तिचा व्यास ११० मिलिमीटर व वजन १०५ ग्रॅम असते. ट्रॅप प्रकारात ती नेमबाजापासून दूर जाते, तर स्कीट प्रकारात ती दोन बाजूंच्या मनोऱ्यांतून आडवी येते.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार या स्पर्धांत बारा बोअरपर्यंतची अर्धस्वयंचलित बंदूक चालते, हाताने मागेपुढे सरकवून भरण्याची बंदूक मात्र चालत नाही. प्रत्यक्षात बहुतेक नेमबाज एकावर एक नळ्या असलेली दुनळीच पसंत करतात. तबकडीसाठी दोनपेक्षा अधिक बार लागत नाहीत, दोन नळ्यांची तोंडे वेगवेगळ्या प्रमाणात आवळून ठेवता येतात आणि बंदूक उघडी ठेवून सुरक्षितता राखता येते. शिकारीत जी अर्धस्वयंचलित बंदुकीची बलस्थाने, त्यांचे येथे मोल उरत नाही.

भारतात या खेळाच्या संघटनेचा आरंभ एका मराठी व्यक्तीच्या नावाशी निगडित आहे. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक-अध्यक्ष होते. बिकानेरचे करणी सिंह यांनी १९६२ च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळविले आणि राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक पटकाविले. पहिले राजघराण्यातील, दुसरे सैन्यदलातील. आयात बंदूक, हजारो काडतुसे आणि विस्तीर्ण मैदान यांचा खर्च लक्षात घेतला, तर हा खेळ जिल्हा पातळीवरील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर का राहिला याचा उलगडा होतो.

शिशाचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. पाण्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे बदके खडे समजून गिळतात व विषबाधेने मरतात. म्हणूनच अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले आणि युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागांवर त्यांना मनाई केली. नेमबाजीची मैदाने उभारताना जलाशयांपासूनचे अंतर हा निकष आपल्याकडेही महत्त्वाचा मानला पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, बुलढाणा जिल्ह्यात छऱ्याच्या बंदुकीची निवड तांत्रिक गुणांपेक्षा परवान्याच्या स्वरूपाने ठरली. अधिकाऱ्याला दुनळी, शेतकऱ्याला ठासणीची आणि फासेपारध्याला काहीच नाही, ही उतरंड वसाहतकाळात घडली व १९५९ च्या अधिनियमाने ती सौम्य केली तरी पूर्णतः मोडली नाही. दुसरी, अर्धस्वयंचलित बंदुकीला जगभर कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आवर घालावा लागला, कारण पक्ष्यांची संख्या यंत्राच्या गतीने वाढत नाही. तिसरी, शिकारबंदीचे ओझे समाजाच्या सर्व घटकांवर सारखे पडले नाही.

लोणार सरोवर २००० साली वन्यजीव अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०२० साली त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा यांच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांना आज कायद्याचे संरक्षण आहे. या पक्ष्यांची गणना, त्यांच्या येण्याजाण्याच्या नोंदी आणि जलाशयांची देखरेख यांसाठी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र व इतिहास विभागांनी फासेपारधी समाजातील जाणत्या व्यक्तींना मानधनासह सहभागी करून घेतल्यास, कायद्याने हिरावलेल्या कौशल्याला सन्मानाचे स्थान मिळेल आणि जिल्ह्याच्या पक्षिजीवनाचा एक विश्वासार्ह दस्तऐवजही तयार होईल.